अंजनाच्या शेंगेतलं पाखरू

किड्यांशी द्रौपदाबाई तायडेचं वैर जुनं होतं. तुम्ही-आम्ही डाळीत सोंडा दिसला की चिमटीत धरून बाहेर टाकतो आणि विसरून जातो. द्रौपदाबाई विसरत नसे. ती अख्खा डबा परातीत उपडा करायची, आणि मग त्या किड्यांच्या सात पिढ्यांची धडगत नसायची.

त्याला कारणही तसंच होतं. नवरा यादव वरणगावला मजुरीला होता. पोरं लहान असतानाच तो काविळीने गेला. रडायला सवड होती कुठे? बाई पदर खोचून जळगावच्या एका डाळ मिलमध्ये निवडणाऱ्या बायांच्या रांगेत जाऊन बसली, ती गुडघे धरेपर्यंत उठली नाही. हातात सूप, समोर तूर, आणि नजर त्या तुरीला पडलेल्या भोकांवर. त्या कामाने तिला खोकला दिला, दोन पोरांचं शिक्षण दिलं आणि एक पद्धत दिली. धान्य राखायचं असेल तर आधी कडक ऊन दाखव, मग पाखड, निवड, एरंडेलाचा हात फिरव, निंबाचा पाला घाल आणि झाकण घट्ट लाव. घरात भिंतीवर तथागतांची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची. रोज सकाळी पंचशील म्हणायची बाई. पण जीवहिंसेपासून दूर राहीन म्हणताना डाळीतले किडे तिने कधी धरलेच नाहीत, खोटं कशाला बोला?

आणि गंमत बघा, अशा बाईची दोन्ही पोरं निघाली किडामुंगीच्या नादाची. थोरली प्रज्ञा प्राणिशास्त्र शिकली, शिरपूरच्या एका कॉलेजात शिकवायला लागली, आणि तिथे खोलीवर डब्याडब्यांतून अळ्या पाळायला लागली. तिचा अभ्यासच मुळी पतंगांचा. दिव्यावर येतात ते मोठे नाहीत. तांदळाच्या दाण्याएवढे, ज्यांच्याकडे कुणी बघतही नाही असे. धाकटा राजदीप यावलच्या बाजूला वनरक्षक झाला आणि खाकी शर्टाच्या खिशातून बहिणीसाठी काहीबाही आणू लागला. कधी पाला, कधी काटकी, कधी नुसतं वाळकं फळ.

"बठ्ठी दुनिया किडा मारस," द्रौपदाबाई शेजारच्या रईसाबीला म्हणायची, "आनि मन्ही पोर त्यासले पाळस!"

रईसाबीही त्याच मिलमधली, शेजारच्याच सुपाची. ती सुपारी कातरत म्हणायची, "द्रौपदा, तूने जितने मारे, उतने तेरी बेटी जिला रही है. हिसाब बराबर."

द्रौपदाबाई तोंड वाकडं करायची, पण आतून तिला बरं वाटायचं. पोरं एकमेकांना धरून होती. अजून काय पाहिजे असतं आईला?

राजदीप उंच, हसरा, घरात आला की छपराला डोकं लागेल असा. लग्नाचं नाव काढलं की पळायचा. त्या उन्हाळ्यात सातपुड्यातल्या अंजनाला कधी नव्हे इतका बहर आला होता. अंजनाची शेंग कागदासारखी चपटी, हलकी, टोकाला एकच बी. वाऱ्यावर भिरभिरत लांब जाऊन पडते. राजदीपने मूठभर शेंगा खिशातून आणल्या आणि प्रज्ञा सुट्टीत घरी होती म्हणून तिच्यापुढे ठेवल्या. एक-दोन शेंगांना बारीक जाळी लागली होती. तिने त्या बरणीत घातल्या, तोंडाला कापड बांधलं, आणि बरणी फळीवर ठेवून दिली. द्रौपदाबाईने चार शिव्या घातल्या, पण बरणीला हात लावला नाही.

मग एका सकाळी घरात एकच कल्ला. राजदीप बरणी हातात घेऊन अंगणात नाचत होता.

"अक्का व! तू आत्या व्हयनी! देख, देख, आत्या व्हयनी तू!"

बरणीच्या काचेला आतून काहीतरी चिकटलं होतं. भाताचं तूस असावं एवढं. नीट पाहिलं तर त्याला पंख होते, रुपेरी, आणि पंखांवर आडवी तांब्याची रेघ, जुन्या लुगड्याच्या काठासारखी.

"मी आणलं, म्हणजे मी बाप," राजदीप म्हणाला. "नाव आत्यानी ठेवानं ऱ्हास. ठेव नाव! मंग देख, पाठमा कसा धपाटा घालस मी तुले."

"पहिले लगीन कर रे," द्रौपदाबाई चुलीजवळून ओरडली, "मंग बारसं कर!"

बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात. सगळ्यांनाच ठाऊक असलेली गोष्ट. पण प्रज्ञा हसली नाही. ती पाखराकडे एकटक बघत होती. असलं पाखरू तिने ना पुस्तकात पाहिलं होतं, ना कुठल्या पेटीत.

दुसऱ्या दिवशी ते पाखरू बरणीच्या तळाशी निपचित पडलं. प्रज्ञाने केसासारख्या बारीक टाचणीने ते टोचलं, पंख पसरले आणि एका छोट्या पारदर्शक पेटीत बसवलं. खाली चिठ्ठी लावली: ठिकाण, तारीख, झाड अंजन, आणि ज्याने गोळा केलं त्याचं नाव, राजदीप यादव तायडे. या कुळातल्या पतंगांचे एक मोठे जाणकार दूर दक्षिणेत होते. त्यांना तिने फोटो पाठवले. त्यांचं उत्तर आलं की हे विज्ञानाला नवीन असावं, पण 'असावं' यावर काही चालत नाही. या पतंगांची खरी ओळख पंखांवर नसते, पोटात असते. पोट वेगळं करून, औषधात शिजवून, नराच्या जननेंद्रियाचे हुकासारखे आकडे उघडून दाखवावे लागतात. त्याशिवाय नवी जात म्हणून नाव देता येत नाही.

"एकच आहे माझ्याकडे," प्रज्ञा म्हणाली. "मोडलं तर मोडलं. पुढच्या उन्हाळ्यात अजून मिळवू, मग बघू."

राजदीप म्हणाला, "गाडाभर आणून देतो, अक्का."

पुढचा उन्हाळा पुरता लागलाच नव्हता. होळीच्या सुमाराला यावलच्या वरच्या अंगाला वणवा लागला. हिरव्या फांद्या घेऊन जे विझवायला गेले त्यांत राजदीप होता. धुरात पाय कुठे पडतोय ते दिसलं नाही, आणि तो कड्यावरून खाली नाल्यात गेला. आग विझली. त्याला वर आणलं तेव्हा तोही विझलेला होता.

सरकारी दवाखान्यात त्याचं पोस्टमार्टम झालं. द्रौपदाबाईला आत जाऊ दिलं नाही. तसा नियमच असतो म्हणे. ती व्हरांड्यात फरशीवर बसून राहिली, बंद दाराकडे बघत. आत आपल्या पोराचं काय करताहेत हे तिला कळत होतं आणि उठून दार ढकलावं एवढं बळ पायांत नव्हतं. पोराजवळ आपण नव्हतो, हे तिच्या मनात जे रुतलं ते रुतलंच. रईसाबीने तिला मांडीवर घेऊन थोपटलं, तिच्या तोंडात पाणी घातलं. पण ते कुसळ काही निघालं नाही.

पुण्यानुमोदन झालं, माणसं पांगली. घरात उरल्या दोघी. राजदीपचा फोटो तथागतांच्या तसबिरीखाली लागला, आणि त्या फोटोशेजारी द्रौपदाबाईने ती पारदर्शक पेटी नेऊन ठेवली. आत प्रज्ञाने नॅप्थलीनची गोळी ठेवली होती. द्रौपदाबाईने ती काढून फेकली. त्या वासाने राजदीपचं डोकं चढायचं.

महिनाभराने प्रज्ञाने विषय काढला. भीत भीत काढला. म्हणाली, "माय, हे पाखरू खरंच नवीन असलं तर जगात पहिल्यांदा त्याने आणलेलं आहे. मला ते लिहायचंय. पण त्यासाठी पोट उघडावं लागेल."

द्रौपदाबाई डाळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"त्यान्हं पोट एकदाव फाडं ना?" ती म्हणाली. "आते यान्हं बी फाडशी?"

प्रज्ञा उठून मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. आईला रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. पण आईच ती, ऐकू आलंच.

मग तिने दुसरा मार्ग धरला. राजदीपच्या हाताखालचा वनमजूर जीवराम, त्याला घेऊन ती डोंगरात गेली. त्या वर्षी अंजनाला शेंगा नव्हत्याच म्हटलं तरी चालेल. एका झाडाला तेवढ्या होत्या, तेच राजदीपचं, त्याने शेंगा आणल्या होत्या ते. जीवरामने शेंगा झोडून दिल्या. त्यातल्या बऱ्याच शेंगांना जाळी होती, आत बारीक पांढुरक्या अळ्या होत्या. प्रज्ञाचा जीव भांड्यात पडला. यातले चार-दोन जरी पंख फोडून बाहेर आले, तरी भावाच्या पाखराला हात लावायची गरज नव्हती. तिने शेंगा बरणीत घालून जळगावला आणल्या. शिरपूरच्या खोलीचा पत्रा तापायचा, आईच्या घरात गारवा होता.

नेमकं तेव्हाच धुळ्याला पेपर तपासायचं काम निघालं. जाताना तिने आईला सांगितलं, "ह्या राजदीपच्या झाडाच्या शेंगा आहेत. जपून ठेव."

एवढंच सांगितलं. अजून दोन शब्द बोलली असती तर? पण त्या दिवसांत दोघींचं बोलणंच तेवढं होतं. पाखराचा विषय निघाला की घरात मुकेपणा पसरायचा, म्हणून प्रज्ञाने तो काढला नाही. आणि द्रौपदाबाईच्या मनात भलतंच होतं. राजदीपच्या पहिल्या स्मृतिदिनाला अंजनाची रोपं लावायची असं घरात बोलणं झालेलं होतं. तिला वाटलं, हे बियाणं त्यासाठीच.

दुपारी तिने बरणी उघडली, आणि बघते तर काय, जाळ्याच जाळ्या! पोराच्या नावाने लावायच्या बियांना कीड! तिच्या अंगात मिलमधली जुनी द्रौपदा संचारली. अळीचं पाखरू होतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. आयुष्यभर तेच तर बघत आली होती. क्षणभर हात थांबवून विचार केला असता तर तिच्या ध्यानात आलंच असतं. पण हाताला सवय लागली की तो डोक्याला विचारायला जात नाही. तिने गच्चीवर जुनी साडी अंथरली, मे महिन्याच्या उन्हात शेंगा पसरल्या, वर-खाली केल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन दाखवलं. मग पाखडल्या, जाळ्या सोलल्या, एरंडेलाचा हात फिरवला, निंबाचा पाला घातला, पत्र्याच्या डब्यात भरून झाकण बसवलं. वर राजदीपच्या फोटोकडे बघून म्हणालीसुद्धा, "बठ्ठा किडा काढी टाकात रे बाबा. आते बिया वरीसभर टिकतीन."

पोराच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच तिला आपण काहीतरी केलं असं वाटत होतं.

प्रज्ञा परत आली. डबा उघडला. पाल्याचा वास आला, तेलकट चकचकीत बिया दिसल्या. ती खाली बसली. बिया हातात घेऊन एकेक बघत राहिली, जणू एखादीत तरी कुणी जीव धरून असेल.

"काय व्हयनं व?" द्रौपदाबाईने विचारलं.

"अळ्या होत्या त्यात, माय. त्याच हव्या होत्या. त्यांचीच पाखरं होणार होती."

द्रौपदाबाईला समजायला वेळ लागला नाही. समजलं तसा तिचा चेहरा काळवंडला. तिने आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, जसे ते दुसऱ्या कुणाचे असावेत.

"मंग आते?"

"आता तेवढं एकच," प्रज्ञा म्हणाली, आणि फोटोकडे बघायचं टाळून आत निघून गेली.

पोरगी एका शब्दाने रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. शिव्या पोटात घालता येतात, गप्प बसणं घालता येत नाही. द्रौपदाबाई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माले त्या झाडकडे ली चाल." तिला वाटलं, झाडाखाली पडल्या असतील दोन-चार शेंगा. आपण घालवलं, आपणच वेचून देऊ.

गुडघे धरत, बसत-उठत ती डोंगर चढली. जीवरामने हात दिला. झाडाखाली वाऱ्याने सगळं झाडून नेलं होतं. वर नुसती पालवी, एका देठाला दोन जोडपानं असलेली.

"पुढल्या सालले येतीन ना शेंगा?" तिने जीवरामला विचारलं.

"अंजनन्हा काय नेम नही, अक्का," जीवराम म्हणाला. "मनमा वनं तं देस. नही तं बरीच सालं काहीच नही."

जवळच वणव्याने काळी झालेली उतरण होती. कुणी दाखवली नाही, पण द्रौपदाबाईला समजलं. तिकडे पाठ करून ती अंजनाच्या बुंध्याला टेकून बसली आणि पोटभर रडली. पोरगा गेला तेव्हासुद्धा अशी रडली नव्हती. प्रज्ञा शेजारी बसली. तिने आईचा हात हातात घेतला, पण पाखराबद्दल अवाक्षर काढलं नाही. घरी आल्यावरही नाही, सुट्टी संपवून शिरपूरला जातानाही नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर तरी बाईने हो म्हणायचं. म्हणणं सोपं असतं हो! ती रोज पेटीपुढे उभी राहायची. मनात म्हणायची, देऊन टाकू. लगेच तो व्हरांडा आठवायचा, ते बंद दार आठवायचं, आणि हात पेटीवरून मागे यायचा. आपल्याच हाताने दुसऱ्यांदा पोराला त्या दारात ढकलायचं? ते तिच्याच्याने होईना. पोरगी तिकडे कॉलेजात मनातलं मनात ठेवून शिकवत होती, आणि इकडे आई दोन पोरांच्या मधोमध अडकली होती. एक गेलेलं, एक असलेलं.

पावसाळा लागला. घरात ओल आली, भिंतींना पोपडे सुटले. एका सकाळी फोटो पुसताना द्रौपदाबाईने पेटी उजेडात धरली. पाखराच्या खाली, पांढऱ्या तळावर, पिवळट भुकटी पडली होती. चिमटीतसुद्धा येणार नाही एवढी.

दुसऱ्या कुणाला ती दिसलीही नसती. हिला दिसली. अख्खा जन्म तिने असली भुकटी बघितली होती. दाण्याखाली पीठ पडलं की समजायचं, आत खाणारा बसलाय. तिच्या राजदीपच्या पाखराला कीड लागली होती.

तिची सगळी विद्या तिथे खुंटली. याला ऊन कसं दाखवायचं? पाखडायचं कसं? तेल कुठे चोळायचं? ती गोळी आपणच काढून फेकली होती. पेटी छातीशी धरून तिने रईसाबीला हाक मारली. रईसाबीने पेटी पाहिली, तिच्याकडे पाहिलं. गुळमुळीत बोलणं तिच्या स्वभावात नव्हतंच.

"यहाँ रखेगी तो कीड़ा खाएगा," ती म्हणाली. "वहाँ देगी तो रहेगा. अब तू बोल, द्रौपदा."

द्रौपदाबाईने तोंड धुतलं, पातळ बदललं, पेटी रुमालात गुंडाळली आणि चोपड्याची बस धरली. तिथून पुढे शिरपूरची. एसटीचे धक्के ठाऊकच आहेत सगळ्यांना. ती सबंध रस्ता पेटी मांडीवरही न टेकवता दोन्ही हातांत अधांतरी धरून बसली होती. शेजारच्या बाईने विचारलं, "काय शे व त्यामा?" तर म्हणाली, "नातू."

कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रज्ञा एकटीच होती. दारात आईला बघून ती उठलीच. द्रौपदाबाईने पेटी टेबलावर ठेवली, रुमाल सोडला, भुकटीवर बोट दाखवलं. प्रज्ञाने भिंगाखाली धरलं. एक खसखशीएवढा किडा होता, तो तिने चिमट्याने काढला. सुदैवाने एका पायापलीकडे त्याची मजल गेली नव्हती.

"कर तुन्हं काम," द्रौपदाबाई म्हणाली.

"माय, नक्की?"

"कर. पन मी बाहेर नही बससू." तिने मागे दाराकडे पाहिलं. "त्या दिन माले बाहेर बसाडी ठेवं. आते मी आठेच ऱ्हासू, त्यान्हाजोडे."

प्रज्ञाने दुसरं स्टूल ओढून आपल्या स्टुलाला लावलं.

तिने आधी आईला भिंगातून दाखवलं. द्रौपदाबाईने डोळा लावला आणि दचकली. बाहेरून तूस दिसणारं ते पाखरू आत केवढं होतं! पंखांवर रुपेरी खवल्यांच्या ओळी, छपरावरच्या कौलांसारख्या एकावर एक. तांब्याची ती रेघ झगझगत होती. डोक्यावर पांढऱ्या केसांचा झुबका, राजदीप झोपेतून उठल्यावर त्याचे उभे राहायचे तसा. ती बराच वेळ डोळा काढेना. जन्मभर मारलेल्या किड्यांतला एक तिने पहिल्यांदाच पाहिला होता.

"पंख नही मोडाव ना?"

"नाही माय. पंख, डोकं, सगळं तसंच राहतं. फक्त पोट."

प्रज्ञाने श्वास रोखला. सुईचा एक हलका धक्का, आणि पोट अलगद सुटलं. द्रौपदाबाईने लेकीच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं, ते सोडलं नाही. ते इवलंसं पोट औषधात गेलं, खाली मंद आंच. त्याचे खवले सुटले, ते काचेसारखं झालं. प्रज्ञाने भिंगाखाली सुयांनी ते उघडलं, आणि पुन्हा पुन्हा डोळा लावून पाहिलं.

"काय शे?"

"दोन आकडे आहेत, माय. आणि आकड्यांच्या आत काट्यांची रांग." प्रज्ञाने सुया खाली ठेवल्या. "असे कुणाचेच नाहीत. कुण्णाचेच नाहीत. नवीन आहे गं हे. नवीनच आहे."

बाहेर पोरांचा तास सुटला होता, जिन्यावर पावलं वाजत होती.

मग द्रौपदाबाईने पुढचं विचारून घेतलं, नीट, एकेक करून. हे आता कुठे जाणार? प्रज्ञाने सांगितलं, मोठ्या शहरातल्या संग्रहालयात. या जातीचं हेच पहिलं, म्हणून जगात कुणालाही ही जात ताडून बघायची असली तर ह्याच्याकडेच यावं लागणार. आपण मेल्यावरसुद्धा. आणि चिठ्ठी? चिठ्ठी त्याच टाचणीला राहणार, राजदीपच्या नावाची. आणि कीड? तिथे कीड लागू देत नाहीत, गोळ्या ठेवतात, थंड कपाटात ठेवतात.

"ऊन नका दाखवज्यात म्हना त्यासले," द्रौपदाबाई म्हणाली. प्रज्ञाला हसू आलं, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

"आणि नाव, माय. मी त्याला राजदीपचं नाव देणार आहे."

द्रौपदाबाईने मान हलवली. ठाम नाही म्हणून हलवली.

"बापन्हं नाव पोऱ्याले कोनी ठेवस का? बापन्हं नाव मांगे लागस. ते चिठ्ठीवर शेच ना. पुढलं नाव आत्यानी ठेवानं." थांबून ती म्हणाली, "त्यानी तुले सांगं व्हतं ना, नाव ठेव म्हनीसन? तू ठेवंच नही."

प्रज्ञाला वाटलं होतं, ती गोष्ट आपल्याला एकटीलाच आठवते. ती गडबडली. आईकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. पोट नसलेलं ते पाखरू पंख पसरून तसंच बसलेलं होतं, खाली भावाचं नाव. ज्या झाडाच्या शेंगेत ते जन्मलं, ज्याच्या बुंध्याला टेकून माय रडली, ते झाड तिला आठवलं.

"अंजन," ती म्हणाली.

"मोठ्यानी नही व. कानमा सांगानं ऱ्हास."

आता एवढी शिकलेली बाई, पतंगाला माणसासारखा कान नसतो हे तिला ठाऊक होतं. तरी ती वाकली. पेटीच्या अगदी जवळ तोंड नेलं, श्वासाने पंख उडू नयेत म्हणून हाताचा आडोसा केला आणि हळूच नाव सांगितलं.

द्रौपदाबाईने हात उचलला आणि लेकीच्या पाठीत धपाटा घातला. राजदीपचा राहिलेला. मग तो हात तिने तिथेच ठेवला, आणि दोघी तशाच बसून राहिल्या.